आप्पांचा तिसरा ब्राउझर

"आई, ही बाई मला विचारतेय, उतारवयात सोबत हवी का म्हणून," आर्या हॉलमधून म्हणाली.

मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. आर्या तेव्हा पाचवीत होती आणि शाळेसाठी रेशीमकिड्यांची माहिती काढत कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडद्यावर एका बाजूला तुतीचं पान खाणारी अळी होती. दुसऱ्या बाजूच्या चौकटीत पांढऱ्या केसांची, मोत्याच्या कुड्या घातलेली एक बाई हसत होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'साठीनंतरही आयुष्य दोघांचं असतं. आजच नाव नोंदवा.'

"जाहिरात आहे ती. तू अळीचं वाच."

"मघाशी दुसऱ्या पानावर पण हीच होती. त्याच्या आधी एक आजोबा होते, गॉगलवाले."

खिडकीजवळ आप्पा पेपर वाचत बसले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात गेली त्यांची. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची जीप शिरली की तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं लोक सांगायचे. पेपर त्यांनी चेहऱ्यासमोर धरला होता आणि त्याचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

मी आर्याच्या खांद्यावरून हात पुढे करून ती खिडकी बंद केली, नवी उघडून दिली आणि पुन्हा कणकेकडे गेले.

मी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवत असे. अशा जाहिराती वाट चुकून येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ज्या ब्राउझरमधून आपण काही शोधतो, तो ते लक्षात ठेवतो, आणि मग पुढे त्याच ब्राउझरमध्ये कोणीही बसलं तरी त्याला त्याच वस्तू दाखवल्या जातात. घरात कॉम्प्युटर एकच होता. संध्याकाळी माझे पती अभिनंदन त्यावर पाण्याच्या पंपांचे भाव बघत, कारण त्यांचं मोटर-पंपांचं दुकान होतं. आर्याचा अभ्यास, माझ्या प्रश्नपत्रिका. दुपारी मात्र घरात आप्पा एकटेच असत. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या दारी पायरीवर मेथी निवडत बसले, तेव्हा आप्पा येऊन शेजारी बसले. त्यांनीही एक जुडी ओढून घेतली. अशी मदत ते नेहमीच करत.

मी म्हटलं, "आप्पा, कॉम्प्युटरची जरा मांडामांड करावी म्हणते."

"कसली?"

"आपण सगळे एकाच ब्राउझरमधून सगळं करतो. तुमची पेन्शनची बँक त्यातच, आर्याचा अभ्यास त्यातच, ह्यांचे पंप त्यातच. एकाच्या पायाची माती घरभर होते."

"सोप्या भाषेत सांग."

"तुम्ही तपासणीला जायचात तेव्हा खात्याची वजनं कुठे ठेवायचात?"

आप्पा ताठ झाले. खात्याचा विषय निघाला की ते असेच ताठ व्हायचे. "मखमल लावलेल्या पेटीत. कुलपात."

"त्या वजनांनी कधी कांदे तोललेत?"

"वेडी का काय तू. त्यांनी फक्त व्यापाऱ्याची वजनं तपासायची. बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो."

"तसंच बँकेचं. बँकेसाठी एक ब्राउझर वेगळा ठेवायचा. त्यात बातम्या वाचायच्या नाहीत, गाणी ऐकायची नाहीत, कोणी पाठवलेलं काही उघडायचं नाही. बँक उघडायची, काम झालं की बंद करायचा."

त्यांना ते ताबडतोब पटलं. "म्हणजे एक बँकेचा, एक घराचा."

"आणि एक तुमचा."

मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "माझा कशाला?"

"असू द्या. त्यात तुम्ही काय वाचाल, काय शोधाल ते त्यातच राहील. आर्याच्या अळीशेजारी येऊन बसणार नाही."

बराच वेळ ते पानं खुडत राहिले. कोवळी पानं काड्यांच्या ढिगात आणि काड्या ताटात जायला लागल्या.

"काय काय पाहिलं पोरीनं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अळी पाहिली. बाकीचं ती विसरूनही गेली."

"अभिनंदनला बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस. मी सांगेन त्याला. जरा काही ठरण्यासारखं असलं तर सांगेन. नाहीतर उगाच हसं."

"मी आपणहून बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही."

"एवढं पुरे." मग जरा थांबून म्हणाले, "तुला राग नाही आला?"

"आप्पा, तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता?"

"रेडिओशी. पण तो माझं ऐकत नाही," ते म्हणाले, आणि मग दोघंही हसलो.

त्या रविवारी मी पडद्यावर तीन चित्रं ओळीनं मांडून दिली. कोल्ह्याचं चित्र बँकेचं. रंगीत चक्री घराची. आणि लाल कडीसारखं दिसणारं तिसरं आप्पांचं. चक्रीतलं जुनं सगळं पुसून टाकलं. कोल्ह्यात बँकेचा पत्ता मी स्वतः भरून ठेवला आणि सांगितलं, की बँकेत शिरायचं ते इथूनच, दुसऱ्या कुठल्याही दारानं नाही.

आप्पांनी ही शिस्त खात्याच्या शिस्तीसारखी पाळली. एकदा आर्यानं चुकून कोल्ह्यावर टिचकी मारली, तर ते खुर्चीतून उठून आले. "तो नाही, बाळ. तो मखमलीचा आहे." आर्याला काही कळलं नाही, पण तिनं पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

पुढचे काही महिने घरात मजेचे गेले. आप्पा रोज दाढी करायला लागले. आधी ते दिवसाआड करायचे. मी कॉलेजातून आले की चहा पिताना मला काहीतरी विचारायचे. "'आपला विश्वासू' हे जरा कोरडं वाटतं ना? सरकारी वाटतं." मी म्हणायचे, नुसतं नाव लिहा. मग दुसऱ्या दिवशी सांगायचे, नुसतं नाव लिहिलं.

हळूहळू त्यांनी नावंही सांगितली. उतारवयात जोडीदार शोधणाऱ्यांची एक वेबसाइट होती, तिथे त्यांनी नाव घातलं होतं. पुण्याच्या कोणी मृणालिनीताई होत्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. त्या फार सुरेख लिहीत. आप्पांनी एकदा गुडघेदुखीचा उल्लेख केला, तर पुढच्या प्रत्येक पत्रात त्या गुडघ्याची चौकशी करत.

"आणि दुसरं कोणी?" मी एकदा विचारलं.

"एक कराडच्या होत्या. सुलोचना आवटी. त्यांचं सोड." आप्पांनी कप बशीत जरा जोरानं ठेवला. "मी त्यांना श्रवणबेळगोळच्या सहलीच्या फोटोंची लिंक पाठवली, चांगल्या मनानं. तर बाईंचं उत्तर काय, अनोळखी लिंक मी उघडत नाही. मला चोर समजल्या. मी, ज्यानं आयुष्यभर चोर पकडले."

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी मी प्रयोगशाळेत असताना आप्पांचा फोन आला. कॉलेजच्या वेळात ते कधीच फोन करत नसत.

"पद्मजा, बँक लाल कडीत कशी आली?"

"म्हणजे?"

"बँकेचं पान. हुबेहूब. पण लाल कडीत."

"तुम्ही त्यात काही भरलंत?"

"नाव भरलं. पासवर्डवर हात थांबला."

"कशालाही हात लावू नका. मी येते."

मी घरी पोहोचले तेव्हा आप्पा कॉम्प्युटरपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मी लाल कडीतलं ते पान बघितलं. रंग तोच, चिन्ह तेच, 'आपलं स्वागत आहे' तेच. फक्त वरच्या पट्टीतला पत्ता दुसराच होता. हे पान मृणालिनीताईंच्या पत्रातल्या लिंकवरून उघडलं होतं. पत्रात लिहिलं होतं, की साइटनं नवा नियम केला आहे, ओळख पटवण्यासाठी आपल्या बँकेतून एक रुपया भरायचा, तो भरलात की माझा फोन नंबर तुम्हाला दिसेल, मला तुमचा आवाज ऐकायचा आहे.

"मला पण ऐकायचा होता," आप्पा म्हणाले. "म्हणून घाई केली. नाव लिहून झालं आणि मग वाटलं, मी बसलोय कुठे? बँक तर कोल्ह्यात असते. ही इथे कशी? मग कोल्हा उघडला, रोजच्या वाटेनं बँकेत गेलो. तिथे असलं काही नव्हतंच."

मी बँकेत फोन केला, पासवर्ड बदलला, लाल कडीत साठलेलं सगळं पुसलं. साइटवाल्यांना कळवलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत ते खातं बंद केलं आणि आम्हाला लिहिलं, की ह्या नावानं आणखीही काही जणांना पत्रं गेली आहेत.

काही गेलं नव्हतं. मी दोनदा तसं म्हणाले. "आप्पा, तुमची सवय कामी आली. पासवर्ड गेला असता तर अवघड होतं. काही गेलं नाही."

आप्पांनी मान हलवली. "तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती गं."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. त्या वेळी मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी दाबू दिला.

त्यानंतर आप्पांनी कॉम्प्युटर सोडला. बँकेच्या कामालासुद्धा ते स्टँडवरून बस पकडून शाखेत जायला लागले. दाढी पुन्हा दिवसाआड झाली. अभिनंदननं एकदा विचारलं, "आप्पांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तब्येत बरी आहे." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर साइटवाल्यांचं एक पत्र आलं. नाव ठेवायचं की काढायचं, ते कळवा म्हणाले. मी आप्पांना विचारलं.

"काढ."

"तुम्ही बसा शेजारी. तुमच्यासमोर काढते."

ते नाइलाजानं येऊन बसले. मी लाल कडी उघडली. काढण्याआधी जुनी पत्रं एकदा डोळ्यांखालून घालत होते, तर कराडच्या बाईंचं ते उत्तर समोर आलं. आप्पांनी मला त्यातलं पहिलं वाक्यच सांगितलं होतं. मी सगळं मोठ्यानं वाचलं.

"'नमस्कार. अनोळखी लिंक मी उघडत नाही, राग मानू नये. तुम्हीही कोणाची उघडू नये. तसंही फोटोवरून मला माणूस कळत नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, मला आवाजावरून कळतं. बोलावंसं वाटलं तर कराडला यावं. दिवसाउजेडी, चारचौघांत, सोबत घरचं माणूस घेऊन. मीही माझ्या भावाला घेऊन येईन. सुलोचना आवटी.'"

आप्पांनी चष्मा मागितला आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"'तुम्हीही कोणाची उघडू नये'," ते म्हणाले. "हे मी वाचलंच नव्हतं. पहिल्या ओळीलाच डोकं फिरलं होतं."

"काढू नाव?"

"थांब जरा."

त्या आठवड्यात त्यांनी उत्तर लिहिलं. रविवार ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना त्यांनी अभिनंदनला सांगितलं. आप्पा जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवत, म्हणून त्या दिवशी त्यांनी मुलाला मुद्दाम लवकर बोलावून घेतलं होतं.

"उद्या मी आणि पद्मजा कराडला जातोय. तिथे एक बाई आहेत. भेटून बघावं म्हणतो. जमलं तर उरलेले दिवस एकमेकांच्या सोबतीनं काढावेत, असा विचार आहे."

अभिनंदन घास चावत होते. त्यांनी तो गिळला, पाणी प्यायले. "बरं," म्हणाले. मग ताटातली भाजी संपवली, हात धुतले आणि एकाची मोटर द्यायची राहिलीय म्हणून दुकानाकडे निघून गेले. आप्पा दाराकडे बघत बसले.

"काही बोलला नाही तो."

"बोलतील," मी म्हटलं. पण मलाही खात्री नव्हती.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथल्या बागेत सुलोचनाबाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. उंच, सावळ्या, इस्त्रीची सुती साडी, हातात छत्री. त्यांचे धाकटे भाऊ नमस्कार करून जरा लांबच्या बाकावर शेंगा खात बसले. मीही उठायला लागले, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. लपवण्यासारखं काही नाही."

आप्पांनी घसा खाकरला. "प्रवास बरा झाला," एवढंच बोलले.

"बोला की अजून," बाई म्हणाल्या. "मी डोळे मिटून ऐकते. हसू नका, माझी सवय आहे ती."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. आप्पा गडबडले. मग त्यांनी इस्लामपुरात बस कशी थांबली, ड्रायव्हरनं चहा कसा घेतला, ते सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता गाडी वजनमापांवर आली, मग एका गूळ व्यापाऱ्याची पोकळ वजनं त्यांनी कशी पकडली त्यावर. आणि मग, मला कळलंही नाही कसं, पण ते मृणालिनीवर आले. बँकेचं पान, एक रुपया, गुडघा, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ही गोष्ट ते कोणालाच कधी सांगणार नाहीत.

बाईंनी डोळे उघडले. "एवढं झाल्यावर माझी परीक्षा घ्यायला आलात की काय?"

"नाही," आप्पा म्हणाले. "तुम्ही लिंक उघडली नाहीत, म्हणून आलो."

बाई खूप हसल्या. त्यांचं हसू ऐकून लांबच्या बाकावरच्या भावानंही मान वर केली. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. पती जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, सोमवार पेठेत स्वतःचं घर होतं. टेलिफोनवाल्या आवटीबाई म्हटलं की कोणीही दाखवतं, म्हणाल्या. "माझ्याकडे पण दोन ब्राउझर आहेत बरं का. भाच्यानं करून दिलेत. एकात बँक. दुसऱ्यात तुम्ही."

भावानं चहा आणला. कप हातात घेतल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या.

"तुमचा मुलगा का नाही आला?"

"सून आली आहे."

"सून चांगली आहे, दिसतंय मला. पण मी मुलाचं विचारतेय. त्याला ठाऊक आहे?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"कशा आवाजात?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घास गिळून म्हणाले."

सुलोचनाबाईंनी मान डोलावली. "मगदूमसाहेब, मला तुमचा आवाज आवडला. खरं सांगते. पण ज्या घरात एक माणूस घास गिळून गप्प बसतं, त्या घरात मी येणार नाही. तो बोलेल तेव्हा बघू. नाहीच बोलला, तर आपली ओळख आहेच."

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर उसाच्या फडांकडे बघत राहिले. सांगली जवळ आल्यावर म्हणाले, "बाईंनी वजन बरोबर केलं."

त्यानंतर बरेच दिवस बापलेकांत पाणी, पेपर, दुकान एवढंच बोलणं चाललं. शेवटी मीच धीर केला. सकाळी अभिनंदन डबा घ्यायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी विचारलं, "अहो, तुम्हाला आप्पांचं हे पसंत नाही का?"

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "तुला काय वाटतं, मला कराडच्या दिवशी कळलं?"

मी गॅस बंद केला.

"मला तुझ्याआधीपासून ठाऊक होतं, पद्मा. मी पंपांचे भाव बघायला बसलो की शेजारी ती मोत्याच्या कुड्यांची बाई यायची. मी काही लहान नाही. दुपारी घरी कोण असतं, ते मला कळतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं की हो म्हणायचं, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. आई गेल्यापासून ते कसे राहतात, ते मी बघत नव्हतो का? मग एक दिवस जाहिराती बंदच झाल्या. मला वाटलं, त्यांनी विचार सोडला. तुला सांगतो, मला वाईट वाटलं होतं. दुकानात बसून वाईट वाटून घेतलं मी." ते डब्याच्या कडीशी चाळा करत होते. "नंतर तुला विचारलं, आप्पांची तब्येत बरी आहे ना. तू तब्येतीचंच सांगितलंस. मग ती तीन चित्रं बघून कळलं, की तू त्यांना वेगळी खोली बांधून दिलीस. बँकेला एक, घराला एक, त्यांना एक. चांगलंच केलंस. पण मी कुठल्यात होतो?"

मी ओटा पुसायला लागले.

"आणि शेवटी सांगितलं तेही कसं, उद्या जातोय म्हणून. विचारलं नाही, कळवलं. वजनमापांची नोटीस यावी तसं."

"हे सगळं आप्पांना सांगा ना."

"मला नाही जमत ते. त्यांनाही नाही जमत, म्हणून तर एवढं झालं." ते निघाले, दारात थांबले. "त्या कराडात कुठे राहतात?"

मी पत्ता सांगितला. त्यांनी तो पुन्हा विचारला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. माघात सांगलीच्या नोंदणी कार्यालयात आप्पांचं आणि सुलोचनाबाईंचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून पहिली सही अभिनंदननं केली. आज आर्या कॉलेजात आहे आणि त्यांना कराडआजी म्हणते. सुलोचनाबाईंनी आप्पांची नऊ वर्षं गोड केली. आप्पा गेल्या वर्षी गेले, तेव्हा त्यांचा हात बाईंच्या हातात होता आणि त्या त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या.

पण त्या लग्नाची गोष्ट मला कोणी विचारली, की मी त्याआधीची एक संध्याकाळ सांगते. अभिनंदननं पत्ता विचारला, त्याच आठवड्यातली.

ऊन उतरत होतं. आप्पांचं ताट मी नेहमीच्या वेळी वाढलं होतं. एवढ्यात गाडीचा आवाज आला आणि अभिनंदन घरात आले. एरवी ते दुकान बंद करून उशिरा यायचे. त्यांच्या शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलं होतं. त्यांनी हातपाय धुतले आणि आप्पांच्या शेजारी पाट ओढून बसले. मी दुसरं ताट वाढलं.

दोघंही काही वेळ जेवत होते.

"त्यांच्या मोटरचं बेअरिंग गेलं होतं," अभिनंदन म्हणाले. "बदललं."

"कोणाच्या?" आप्पांनी विचारलं.

"कराडच्या. पाणी वर चढत नव्हतं म्हणे महिनाभर. रोज खालून बादल्या नेत होत्या जिन्यानं. ह्या वयात." त्यांनी भाकरी मोडली. "कोणीतरी बघायला हवं होतं."

आप्पांनी अभिनंदनच्या बाहीवरच्या ग्रीसकडे बघितलं.

"मी म्हटलं, भूपाल मगदुमांचा मुलगा. तर म्हणाल्या, अजून चार शब्द बोला. मग मी मोटर उघडली आणि बोलत बसलो. बोलायचं तेवढं सगळं बोललो."

"काय बोललास?"

"ते तुमच्याशी बोलायचं होतं. त्यांच्याशी बोलून झालं." अभिनंदननं वर न बघता आमटी ओतून घेतली. "त्या विचारत होत्या, तुम्हाला तिखट चालतं का. मी म्हटलं, या रविवारी जेवायला या आणि त्यांनाच विचारा. येणार आहेत."

आप्पांनी घास घेतला नाही. ते उठले, मागच्या दारी नळावर गेले आणि हात धुवायला लागले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी तवा उतरवून बाहेर जाणार, तर अभिनंदननं मला हातानं थांबवलं. दांडीवरचा टॉवेल घेतला आणि ते स्वतः मागे गेले.

जरा वेळानं नळ बंद झाला. पायरीवर दोघांचं बोलणं चाललं होतं. शब्द ऐकू येत नव्हते, आणि मी ते ऐकायला गेलेही नाही.